उपरण्याखालचा फोन

एकोणीसशे सत्त्याण्णव साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि त्या वयात मला सातारच्या भर रस्त्यानं एका डबड्याशी बोलत चालावं लागलं. लोक वळून बघत होते. एक बाई तर पोराचा हात धरून पलीकडच्या बाजूला गेली. हे सगळं आमच्या मालकांमुळं. आयुष्यात जेव्हा जेव्हा लोकांनी मला वेडा समजलं, तेव्हा तेव्हा आमचे मालक तिथंच कुठं तरी उभे होते.

मालकांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. सांगलीच्या हळदपेठेत त्यांची खरेदीची पेढी होती, पण दारावर पाटी नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "ज्याला यायचंय त्याला ठावं हाय. ज्याला ठावं न्हाई त्याचं काय काम?" जुनं जैन घराणं, गावाकडं शेती, अंगात पांढरा सदरा, धोतर आणि खांद्यावर उपरणं. पाणी उकळलेलं, तेही घरनं आणलेलं. बाहेरचा घोट नाही की घास नाही.

मी कोरेगावकडचा. चौथीत शाळा सुटली, का मी तिला सोडली, ते आता कोण बघतंय. सांगलीत येऊन पाठीवर पोती वाहिली, हमालांचा मुकादम झालो, आणि मग मालकांनी मला हात केलं.

हात म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या पेठेत हळदीचा सौदा तोंडानं होत नसे. ढीग ओतलेला असायचा, ढिगापाशी शेतकऱ्याच्या बाजूनं अडत्या उभा. खरेदीदारांची माणसं एकेक करून पुढं जाणार, अडत्याच्या हातात हात देणार, वरनं उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. वर दोघांची तोंडं गप्प, एक आभाळाकडं बघतोय, एक हळदीकडं. शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही. ज्याची बोटं जास्त बोलली त्याचा ढीग. मालकांच्या पेढीतर्फे अडत्याच्या हातात जाणारा हात माझा होता. पेठेत मोठमोठे शिकलेले दिवाणजी होते, त्यांना हे काम दिलं नव्हतं. हमालाला दिलं होतं. हे मी कुणाला सांगत फिरलो नाही, पण लोकांना दिसत होतं, आणि त्यांना दिसतंय हे मला दिसत होतं.

मालकांचा पहिला नियम, आकडा तोंडातून काढायचा नाही. सौद्यात तर नाहीच, पण इतर कुठंही नाही. घरी जेवताना भाकरी किती पाहिजे ते बोटांनी दाखवायचे, आणि तीही पाटाआड धरून. मालकीणबाई वैतागून म्हणायच्या, "मला दिसत न्हाई. ऱ्हावा उपाशी." एकदा डॉक्टरनं वय विचारलं. खोलीत कंपाउंडर होता. मालकांनी डॉक्टरचा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि बोटं दाबायला लागले. डॉक्टरला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरतोय. त्यानं कंपाची गोळी लिहून दिली. मालकांनी ती मुकाट्यानं घेतली, कारण नको म्हणायचं तर वय बोलावं लागलं असतं.

दुसरा नियम, सांगलीत काही विकत घ्यायचं नाही. चपला मिरजेत, औषध कोल्हापुरात, छत्री कराडात. मी म्हटलं, "मालक, छत्रीत कसली आलीय चोरी?" तर म्हणाले, "सांगलीत छत्री घेतली की पेठ म्हणणार, ह्याला पावसाचा अंदाज लागला. आन् भाव हालणार." कुपवाडच्या कारखान्यात तयार झालेला वजनकाटा आम्ही इचलकरंजीला जाऊन आणला. कुपवाड कुठं, तर आमच्या पेढीपासून सायकलवर जाता येईल इतकं. तो काटा इचलकरंजीला जाऊन परत आमच्याकडं आला आणि भाडं आम्ही भरलं.

आणि वर एक म्हण होती त्यांची, स्वतःच बनवलेली. "बोललेलं वाऱ्याचं, दाबलेलं आपलं." दिवसातनं कितीदा तरी म्हणायचे. ती म्हण पुढं त्यांच्याच गळ्यात कशी पडली, तेच सांगायला बसलोय.

मालकांचे गुडघे गेले. पेढी माडीवर, फोन माडीवर. मुंबईच्या पेढीसाठी आम्ही माल उचलायचो, तिथला फोन सौदा चालू असतानाच यायचा, आज अमुक भावापर्यंत चढा म्हणून. पूर्वी मालक फोन ठेवून तरातरा खाली यायचे, उपरण्याखाली माझा हात धरून तो भाव दाबायचे आणि मी तो जाऊन अडत्याच्या हातात दाबायचो. आता सकाळी हमाल त्यांना खुर्चीसकट खाली आणून ठेवायचे आणि संध्याकाळी वर न्यायचे. मधल्या वेळात फोन वर वाजायचा आणि मालक खाली हळकुंडं मोडत बसलेले.

मी म्हटलं, मी वर जाऊन ऐकून येतो. तर म्हणाले, माझ्या कानानं ऐकल्याशिवाय मी भाव धरत नाही. म्हटलं, दिवाणजीला सांगा. तर म्हणाले, दिवाणजी बायकोला सांगतो. शेवटी म्हटलं, मग फोनच खाली आणा की, वायर वाढवून घ्या. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी पेढीला काडी लावा म्हणालो. "खाली फोन ठेवला की सगळी पेठ ऐकंल," म्हणाले.

हे वाक्य ध्यानात ठेवा.

मग कुणाकडनं तरी त्यांना कळलं, की बिनवायरचा फोन निघालाय. कॉर्डलेस म्हणायचे त्याला. एक डबा माडीवर फोनच्या जागी बसवायचा आणि दुसरा, बोलायचा, हातात घेऊन कुठंही फिरायचं. सांगलीत दुकानं होती. पण आमची वरात निघाली साताऱ्याला. मी धरून एसटीत बसवल्यावर मालकांनी तिकीट काढलं कराडचं. गाडीत पेठेतला कुणी असला तर, म्हणून. कराड आलं, माणसं उतरली-चढली, तेव्हा त्याच कंडक्टरकडं पुढची दोन तिकिटं मागितली. कंडक्टर म्हणाला, "आवं, मगाच साताऱ्याचं काढायला काय झालं हुतं?" मालक खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर मला द्यावं लागलं. मी म्हटलं, त्यांना आत्ताच आठवलं. तो कंडक्टर उंब्रजपर्यंत माझ्याकडं कीव आल्यासारखा बघत होता.

दुकानदार शिकलेला, गोड बोलणारा. त्यानं दोन संच मांडले, एक लहान, एक मोठा. मालकांनी लहान उचलला, टिचकी मारली, कानाशी हलवून बघितला आणि म्हणाले, "फोडून दाखवा."

दुकानदाराला वाटलं थट्टा आहे. म्हणाला, "काका, नारळ हाय का त्यो?"

"हळकुंड मोडल्याबिगर आमी ढीग घेत न्हाई. आत कीड हाय का पोकळ हाय, कसं कळायचं?"

अर्धा तास घासाघीस झाली, भावाची नव्हे, फोडण्याची. शेवटी त्यानं कंटाळून स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर रंगीबेरंगी दाणे. मालकांनी नाक लावून वास घेतला, बोटानं एक दाणा चाचपला आणि मान हलवली. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. मोठ्याचंही झाकण काढायला लावलं. त्याचा वास त्यांना जास्त आवडला.

मग लांबी बघायची. लांब जातो तो चांगला, असं त्यांनी घरनंच ठरवून आणलं होतं. पेठेत ज्याची हाळी लांब जाते त्याला आपण चांगला हमाल म्हणतो, तसं. माझ्या हातात बोलायचा डबा दिला आणि म्हणाले, चालत जा आणि बोलत राहा. लहान संच शेजारच्या औषधाच्या दुकानापाशीच खरखरला आणि मेला. मोठा घेऊन निघालो. एसटी स्टँड आलं तरी त्याची हिरवी बत्ती जळत होती.

बोलायचं काय, हा प्रश्न होता. हॅलो मी कुणाला म्हणत नाही. धंद्याचं बोलायला बंदी. मला वाटलं, इतक्या लांब कुठला ऐकू जातोय, तर मनात साचलेलं सगळं त्या डबड्यात ओतलं. म्हटलं, मालक, ऐकू येत नसंल तर बरंच हाय. तुमच्यासारखा चक्रम माणूस ह्या कृष्णेच्या काठाला दुसरा झाला न्हाई. एका गाडीत दोनदा तिकीट काढता. छत्रीसाठी कराड गाठता. तुमच्या मालकीणबाई होत्या म्हणून टिकल्या, आन् मी हाय म्हणून पेढी टिकली. बाई पोराला घेऊन पलीकडं गेली ती तेव्हाच.

परत आलो. मालक माडीवर बसवायच्या डब्याला कान लावून बसले होते, दुकानदाराचा चेहरा हसू दाबून लाल झालेला. मालक म्हणाले, "आवाज स्पष्ट हाय. ह्योच द्या."

बाकी एक शब्द नाही. तेव्हाही नाही, पुढं कधीही नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुकानदार संच बांधताना म्हणाला, "काका, एक सांगून ठेवतो. ह्यो लांबचा संच हाय, म्हंजे ह्याचा आवाज नुसता तुमच्याच—" तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं, बॅटरीचे सेल मागायला. मालकांनी ओठावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी गिऱ्हाईक दाखवलं. "मागनं," म्हणाले. गिऱ्हाईक काही लवकर हललं नाही. सेल लावून बघ, काढून बघ. मालकांनी संच आंब्याच्या रिकाम्या पेटीत घातला, वर गवत पसरलं आणि आम्ही निघालो. दुकानदाराचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पहिले काही दिवस मालक खूश. खाली खांबापाशी खुर्ची, मांडीवर तो डबा. वाजला की उपरणं डोक्यावरनं घ्यायचे, डब्यासकट तोंड झाकायचे आणि आत पुटपुटायचे. उपरण्यातनं एरियल तेवढं वर आलेलं. बगळा मान खुपसून बसलाय आणि चोच उलटी वर आलीय, असं दिसायचं. शेतकरी मला विचारायचे, ह्यांस्नी काय झालंय? मी म्हणायचो, दाढ दुखती. बोलणं संपलं की मालक मला बोलवायचे, त्याच उपरण्याखाली हात धरायचे आणि भाव दाबायचे. मुंबईचा माणूस बोलला, मालकांनी ऐकलं, माझ्या बोटात आलं. तिसऱ्याला वाराही लागला नाही, अशी आमची समजूत.

मग ढीग हातचे जायला लागले.

चांगला माल, सोन्यासारखं मोडणारं हळकुंड, मी शेवटच्या भावापर्यंत दाबून यायचो आणि माझ्या मागनं येणारा फक्त एका बोटानं वर जाऊन ढीग घ्यायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच. आणि जो ढीग आतनं काळा, त्याला कुणी हातच घालायचं नाही, तो आमच्या गळ्यात. आमचा शेवटचा भाव कुणाला तरी ठाऊक होता. आणि तो भाव ठाऊक असणारी सांगलीत माणसं दोन. एक मालक. दुसरा मी.

मालक काही बोलले नाहीत. बोलणारा माणूस परवडतो. हे नुसतं माझ्या हाताकडं बघायचे. मग त्यांनी बोटांची खूण बदलली. मग खोटा भाव दाबून बघायला लागले. मला ते कळायचं, कारण खोटं दाबताना त्यांचा अंगठा गार पडायचा. तरीही ढीग गेलेच. पेठेत कुजबुज सुरू झाली. समोरच्या पेढीचा एक माणूस मला भर सौद्यात म्हणाला, "काय मुकादम, हात कितीला इकला?"

मी हात त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "ये, धरून बघ. एक जरी बोट परत घेऊन गेलास तर तुजं." तो हसत मागं सरला. सगळे हसले. मी नाही हसलो. ज्या हातावर मी हमालाचा माणूस झालो होतो, त्या हाताकडं आता हमालसुद्धा चोरून बघत होते.

आणि एके दिवशी मालकांनी उपरणं स्वतःच्या मांडीवर पसरलं आणि म्हणाले, "आज मी बघतो." अडत्यांना खुर्चीपाशी यायला सांगितलं. मी उभाच. मग मान वर न करता म्हणाले, "तू वर जा. संचापाशी बस. कोण हात लावतंय का बघ."

म्हणजे माझा हात काढून घेतला आणि मला डबड्याचा राखणदार केलं.

गेलो वर. बसलो. दिवाणजी मला बघून खाली मान घालून लिहायला लागला. त्या डब्याची लाल बत्ती लुकलुकत होती. ती माझ्याकडं बघतेय असं वाटायला लागलं, तसा मी उठलो आणि जिना उतरून मागच्या दारानं गल्लीत आलो. ऊन लागत होतं. उभं कुठं राहायचं? सौद्यात उभं राहायची सोय नव्हती, हमालांच्यात जाऊन बसायचं तर तोंड नव्हतं. गल्लीत सावली एकच, समोरच्या हॉटेलाची.

त्या हॉटेलात मी पाय ठेवत नव्हतो. माझ्या हमालीच्या दिवसांत एकदा बाकड्यावर बसलो होतो, तर हॉटेलवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "ऊठ, बाकडं यापाऱ्यांचं हाय." उठलो. त्या दिवसापासून त्या हॉटेलचा चहा मला वर्ज्य. नंतर मी हात झालो, त्यानं दहादा बोलावलं, मी कोपऱ्यावरच्या गाड्यावरच चहा घेतला. मालक तर बाहेरचं पाणीही पीत नव्हते. म्हणजे अख्ख्या हळदपेठेत त्या हॉटेलात कधी न जाणारी माणसं दोनच होती, आणि ती दोन्ही आमच्या पेढीची.

त्या दिवशी मी आत शिरलो. बाकडी यापाऱ्यांनी भरलेली. सौदा बाहेर चाललाय आणि हे आत, मला नवल वाटलं. वर फळीवर टीव्ही, क्रिकेटची मॅच लागलेली, पण कुणी मॅच बघत असल्यासारखं वाटेना. सगळे ऐकत होते. मला बघितलं आणि एकजण टपकन उठून टीव्ही बंद करायला धावला. त्याचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत चित्र थरथरलं, खेळाडू वाकडेतिकडे झाले, आणि टीव्हीतनं आमचे मालक बोलले.

तोच दबका, पुटपुटता आवाज. पाठोपाठ मुंबईचा माणूस. तिसऱ्या ढिगाला किती, चौथ्याला किती, कुठं थांबायचं. उपरण्याखालचं सगळं, अगदी मालकांचा दमेकरी श्वाससुद्धा.

हॉटेलवाला पुढं आला आणि म्हणाला, "बसा की मुकादम. च्या घ्या." मला भर सौद्यात हात कितीला विकला विचारणारा तिथंच बशीत चहा ओतून बसला होता. बशी तोंडापर्यंत गेली नव्हती.

मला सातारचा दुकानदार आठवला. तुमच्याच. तुमच्याच डब्यात नाही, जवळपासच्या टीव्हीतही शिरतो, एवढं त्याला सांगायचं होतं, आणि मालकांनी ते सांगूच दिलं नव्हतं.

मी चहा न घेता बाहेर पडलो. राग हॉटेलवाल्यावर नव्हता, यापाऱ्यांवरही फारसा नव्हता. फुकट मिळालेला भाव कोण सोडतोय? राग खुर्चीत उपरणं पांघरून बसलेल्या त्या बगळ्यावर होता. आधी दिवाणजीला खाली बोलावून घेतलं. मग मालकांपुढं जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या मांडीवरचा डबा उचलून दिवाणजीच्या हातात दिला. त्याला म्हटलं, मालकांचा हुकूम हाय, हिथंच बसून मुंबईला फोन लाव आन् आजचा निरोप इचार. मग दोन हमालांना खुणावलं, खुर्ची उचला.

मालक म्हणाले, "कुठं?"

"सांगत न्हाई," मी म्हटलं. "तुमचीच शिकवण."

खुर्ची हॉटेलात शिरली तसे यापारी उठून उभे राहिले. एकदोघं मागच्या दारानं निघून गेले. मालकांनी चहाच्या वाफेला नाक मुरडून उपरण्यानं तोंड झाकलं. टीव्हीत मॅच चालली होती. मालक माझ्याकडं बघायला लागले, की हे दाखवायला आणलंस? आणि चित्र थरथरलं.

दिवाणजीचा आवाज आला. नमस्कार वगैरे झालं. मुंबईच्या माणसानं विचारलं, शेठ कुठं आहेत? दिवाणजी म्हणाला, "कुठं जातात ते सांगून जातात व्हय? आज तर सौद्याला सोताच बसल्यात. दिसत काय न्हाई, काळा ढीग घेऊन बसले."

मुंबईचा हसला. म्हणाला, "मग त्या मुकादमाला काढलं म्हणा. शेठच मला म्हणाले होते परवा, माझा हात चोर निघाला म्हणून."

मी चोर नाही, हे मालकांना त्या क्षणाला कळलं, आणि मालकांनी मला परमुलखात चोर म्हटलंय, हे मला त्याच तोंडानं कळलं. गेलेलं नाव परत मिळालं ते असं, थुंकी लागलेलं.

मी मालकांकडं बघितलं. सगळेच बघत होते. म्हातारा टीव्हीकडं तोंड करून बसला होता, उपरणं तोंडावरनं खाली घसरलेलं. मग म्हणाले,

"आवाज स्पष्ट हाय."

एवढंच. मी वाट बघत होतो. त्यांनी हमालांना खुणावलं, खुर्ची उचलली गेली आणि मालक पेढीत परतले. त्यांच्या मागं हॉटेलवाल्यानं माझ्यासाठी बाकडं पुसलं. मी बसलो नाही.

संध्याकाळी त्यांना माडीवर नेलं, तेव्हा मी हिशेब मिटवायला म्हणून वर गेलो. ठरवून गेलो होतो, उद्यापासून येत नाही. कोरेगावला भावाची आल्याची शेती आहे, तिथं जाऊन आलं धुवीन. पण मालकांनी मला तोंड उघडू दिलं नाही. त्यांना आधी त्यांची युक्ती सांगायची होती. संच टाकायचा नाही म्हणाले, लय चांगला संच आहे. उद्यापासून फोनवर खोटं बोलायचं, पेठ खोट्यावर नाचेल, आणि उपरण्याखाली खरं दाबायचं. डोळे चमकत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "फकस्त हात पायजे."

मी म्हटलं, "चोराचा?"

दिवाणजी उठून जिन्यापाशी गेला. मालकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पुढं वाकून माझा हात ओढला, वर उपरणं टाकलं आणि दाबायला लागले. मी सवयीनं मोजायला लागलो. एक बोट, मग दोन, मग सगळी मूठ, मग पुन्हा पहिल्यापासून. कुठल्याही हळदीचा भाव नव्हता तो. अंगठा गार नव्हता. नुसतं दाबत होते, वर डोळे खिडकीकडं लावून, सौद्यात लावतात तसे.

आमच्यात रीत अशी, की समोरच्याला भाव मान्य असला तर तो उलट एकदा दाबतो. मगच सौदा झाला. मी हात काढून घेतला नाही, पण उलट दाबलाही नाही. उपरणं बाजूला केलं आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, सौदा लटकलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा उशिरा गेलो. मुद्दाम. ढीग ओतून झाले होते, मालक खुर्चीत, मांडीवर तो डबा, आणि अडते एका पायावर उभे, कारण मालकांनी कुणाच्याच हातात हात दिला नव्हता. मी सगळ्यांसमोर त्यांच्यापाशी गेलो, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि एकदाच दाबलं. जोर लावून. पोती उचललेला हात आहे हा. मालक खुर्चीत कळवळले.

मग आभाळाकडं बघत हळूच म्हणाले, "लय चढलास गड्या."

मी म्हटलं, "मालच तसा हाय."